परसातलं टर्फ कोर्ट: आधी माती, मग हिरवळ



आजचा विषय ऐकून माझे पलटणीतले जुने सोबती हसतील. घराच्या परसात टर्फचं, म्हणजे कृत्रिम गवताचं, छोटं कोर्ट कसं बांधावं, हा तो विषय. पण गेल्या वर्षभरात इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, अशा ठिकाणच्या बऱ्याच मराठी मंडळींनी मला फोन करून याबद्दल विचारलं. कुणाच्या घरी सुट्टीला नातवंडं येतात, कुणाला मुलांच्या हातातला मोबाईल सोडवायचाय, कुणाला गुडघे दुखायला लागायच्या आत स्वतःच खेळून घ्यायचंय. सगळ्यांचा पहिला प्रश्न मात्र एकच असतो : "टर्फ कुठलं घ्यावं?"

त्यावर मी उलट विचारतो : "तुमच्या अंगणात माती कुठली आहे?"

फोनवर जरा शांतता पसरते. माणूस वाट पाहत असतो एखाद्या कंपनीच्या नावाची, आणि हा म्हातारा मातीचं विचारतोय! म्हणून आज सगळं नीट सांगतो. मी हे कोर्ट दोनदा बांधलंय. पहिल्यांदा नऊ दिवसांत. दुसऱ्यांदा दहा महिने लागले. नऊ दिवसांचं कोर्ट अडीच महिनेही टिकलं नाही, आणि ते मोडताना दुसऱ्याच्या मुलीचा हात मोडून गेलं. ती गोष्ट सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही.

मी महूला राहतो. मध्य प्रदेशात, इंदूरजवळ. गावाचं आजचं नाव डॉ. आंबेडकर नगर. निवृत्तीनंतर छावणीच्या हद्दीबाहेर प्लॉट घेऊन घर बांधलं. मागे बरीच मोकळी जागा होती, कडेला एक जुना कडुनिंब. नातू उन्हाळ्यात येतो, आसपासची आठ-दहा मुलं आहेत, तेव्हा म्हटलं इथे एक कोर्ट करू. ठेकेदार आला, चकचकीत पुस्तिका दाखवली, म्हणाला दहा दिवसांत काम पूर्ण. मे महिना होता. त्याने चार इंच माती खरवडली, तीन इंच चुरी पसरली, दोनदा रोलर फिरवला आणि वर टर्फ अंथरलं. नवव्या दिवशी हिरवंगार कोर्ट तयार. मी फोटो काढून सगळ्या ग्रुपवर पाठवले.

जूनच्या शेवटी पाऊस सुरू झाला. जुलैच्या मध्यापर्यंत कोर्टाच्या पोटाला उंचवटा आला, कडा बसल्या, एका कोपऱ्यात पाणी साचायला लागलं. दोन पट्ट्यांमधला सांधा उकलला. मी वरून चिकटपट्टी लावली. ऑगस्टमध्ये शेजारची अकरा वर्षांची मुलगी झेल घ्यायला मागे धावली, बुटाचं टोक त्या सांध्यात अडकलं आणि ती हातावर पडली. डावं मनगट मोडलं. पाच आठवडे प्लास्टर.

तिचे वडील मला म्हणाले, "कोई बात नहीं, साहब. बच्चे तो गिरते ही हैं." ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

त्या रात्री माझी बायको एवढंच म्हणाली, "अहो, तुम्ही पूल बांधलेत, रस्ते बांधलेत. मग आपलं अंगण कसं खचलं?"

कारण सैन्यात मी सॅपर होतो. इंजिनिअर्सचा माणूस. माती, खडी, दाबणं, पाण्याचा निचरा, हे माझं आयुष्यभराचं काम. काळी माती काय करते हे मला ठाऊक होतं. पण स्वतःच्या घरी मी गिऱ्हाईक झालो, गिऱ्हाइकासारखं वरचं गवत पाहिलं आणि खाली काय चाललंय ते पाहायला वाकलो नाही. ठेकेदाराची चूक होतीच. पण कामाला होकार माझा होता, आणि उकललेला सांधा दिसूनही मुलांना खेळू दिलं तेही मीच. ज्याचा हुकूम, त्याची जबाबदारी.

तर आता कामाचं बोलू.

पहिला प्रश्न : खेळणार कोण आणि काय?

हे ठरवल्याशिवाय एक रुपयाही काढू नका. माझी जागा ६० फूट बाय ३० फूट. बॅडमिंटनचं दुहेरीचं कोर्ट १३.४० मीटर बाय ६.१० मीटर, म्हणजे ४४ फूट बाय २० फूट. ते बसतं, आणि टोकांना आठ-आठ फूट, बाजूंना पाच-पाच फूट मोकळी जागा उरते. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड, म्हणजे ६६ फूट. ती बसत नाही. मुलांसाठी स्टंप जवळ घेतले की भागतं. व्हॉलीबॉलचं कोर्ट १८ बाय ९ मीटर. त्याच्या रेषा माझ्या जागेत जेमतेम बसतात, पण रेषेबाहेर धावणारी माणसं बसत नाहीत. टेनिसचं कोर्ट नुसतं रेषांचंच २३.७७ बाय १०.९७ मीटर असतं. तो विचार सोडून द्यायचा.

आणि टर्फ सगळ्या खेळांना चालत नाही. हल्ली पिकलबॉलची लाट आहे. त्याचं कोर्ट मापाने बॅडमिंटनएवढंच, म्हणून लोक म्हणतात एकाच टर्फवर दोन्ही करू. पण पिकलबॉलचा चेंडू टर्फवर धड उसळत नाही. तो खेळ कठीण पृष्ठभागाचा. तुम्हाला तेच खेळायचं असेल तर पक्कं कोर्ट करून वर ॲक्रिलिकचा थर द्या, टर्फ घेऊच नका. बॅडमिंटनचं फूल जमिनीवर उसळायचंच नसतं, म्हणून ते टर्फवर चालतं. फक्त वारा नको. लहान मुलांचं क्रिकेट, थोडा फुटबॉल, व्यायाम, यांना टर्फ उत्तम.

जमीन बदलली की खेळ बदलतो, हे आपल्या देशाने फार महाग शिकलंय. १९७५ साली क्वालालंपूरला आपण हॉकीचा विश्वचषक जिंकलो, तो गवतावर. पुढच्याच वर्षी, १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम टर्फवर खेळली गेली आणि आपण सातवे आलो. १९२८ पासून ऑलिंपिक हॉकीत पदक मिळालं नाही असं तोवर कधी झालं नव्हतं. कारणं इतरही होती, पण तो पृष्ठभाग आपल्या पायांना नवा होता हे खरंच. म्हणून आधी खेळ ठरवा, मग जमीन.

दुसरा प्रश्न : माती.

माळवा, विदर्भ, मराठवाडा, उत्तर कर्नाटक, तेलंगणाचा आणि गुजरातचा बराच भाग, इथे काळी माती आहे. हिला इंजिनिअर लोक कापसाची काळी माती म्हणतात. हिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज असतं. ते पाणी पिऊन फुगतं आणि सुकलं की आकसतं. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच्यामुळे. मे महिन्यात ही माती दगडासारखी कडक लागते. तीच तिची फसवणूक आहे. माझा ठेकेदार टाच आपटून म्हणाला होता, "पत्थर है, साहब."

वर टर्फ किंवा फरशी घातली की आणखी एक गंमत होते. कडेची माती सुकते-भिजते, मधली ओल मात्र टिकून राहते. मग मध्य एका बाजूला सरकतो, कडा दुसऱ्या बाजूला. वर पातळसा काँक्रीटचा थर घातला तरी तो तडकतो.

घरी करता येईल अशी एक परीक्षा सांगतो. प्रयोगशाळेतल्या चाचणीचीच ही घरगुती आवृत्ती आहे. दोन फूट खालची माती घ्या, पूर्ण वाळवा, कुटून बारीक चाळा. काचेच्या दोन सारख्या उभ्या नळ्यांत सारखीच माती घाला. एकीत पाणी ओता, दुसरीत रॉकेल. ढवळून हवेचे बुडबुडे काढा आणि एक दिवस न हलवता ठेवा. रॉकेलमध्ये ही माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दुसऱ्या दिवशी दोन्हींची उंची मोजा. पाण्यातली माती रॉकेलमधल्या मातीच्या दीडपट किंवा त्याहून उंच दिसली, तर समजा की खाली माझ्यासारखंच प्रकरण आहे. मोठं काम असेल तर माती प्रयोगशाळेत रीतसर तपासून घ्या. एकूण खर्चाच्या मानाने ती रक्कम किरकोळ असते.

कोकण-गोव्यात जांभ्याची जमीन असेल, बंगळुरूकडे लाल माती असेल, तर फुगण्याचा त्रास कमी. पण भराव घातलेला प्लॉट असेल तर तो कुठल्याही गावात खचतो. दहा वर्षांपूर्वी तिथे विहीर होती का, खड्डा होता का, हे शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा. आम्ही याला टेहळणी म्हणायचो.

तिसरा प्रश्न : पाणी कुठे जाणार?

साधा हिशेब करू. माझं कोर्ट १,८०० चौरस फूट, म्हणजे सुमारे १६७ चौरस मीटर. एका दिवसात ५० मिलिमीटर पाऊस पडला, आणि आमच्याकडे तो सहज पडतो, तर एवढ्या जागेवर ८,००० लिटरहून जास्त पाणी येतं. पाण्याच्या एका मोठ्या टँकरएवढं! ते जाणार कुठे, याचं उत्तर कागदावर काढून घ्या. उत्तर नसेल तर ते पाणी तुमच्या कोर्टाच्या पोटात जाईल.

आता दुसऱ्या वेळी मी काय केलं ते क्रमाने सांगतो.

जानेवारीत सुरुवात केली. आधी कोर्ट कडुनिंबापासून १२ फूट लांब सरकवलं. झाडाची मुळं काळ्या मातीतली ओल शोषतात, माती आकसते, आणि मुळं वर येऊन टर्फही उचलतात. शेवाळ आणि पाला वेगळाच. झाड तोडण्याची सूचना आली होती. मी म्हटलं, झाड आधीपासून इथे आहे, कोर्टच सरकेल.

मग दोन फूट खोल माती काढली. सुमारे १०० घनमीटर. खणलेली माती फुगते, त्यामुळे ट्रॅक्टरच्या चाळीसएक ट्रॉल्या भरल्या. ती शेतकऱ्यांनी आनंदाने नेली. शेताला ही माती सोनंच.

इथे एक सापळा आहे, नीट ऐका. काळ्या मातीत खड्डा खणून तो खडीने भरला, की त्याचा हौद होतो. वरून पाणी झिरपतं, खालची चिकणमाती ते सोडत नाही, आणि तुमचं कोर्ट भरलेल्या हौदावर बसतं. म्हणून खड्ड्याच्या तळालाच ढाळ द्यायचा. १०० ला १ एवढा. माझ्या ३० फूट रुंदीत तो साडेतीन इंचांच्या आसपास येतो. पाण्याची लांब नळी लावून पातळी घेतली तर गवंडीसुद्धा हे अचूक करतो, महागडं यंत्र लागत नाही.

तळावर जिओटेक्स्टाइलचं कापड अंथरलं. हे न विणलेलं जाड कापड. पाणी जाऊ देतं, पण चिकणमातीला वरच्या थरात मिसळू देत नाही. त्यावर एक फूट मुरूम, पण एकदम नाही. सहा-सहा इंचांचे दोन थर, प्रत्येक थर वेगळा दाबलेला. एकदम एक फूट टाकून वरून रोलर फिरवला तर वरचे चार-पाच इंच दबतात आणि खालचं पोकळ राहतं. मुरूम किती ओला हवा? मूठभर घेऊन दाबा. गोळा टिकला पाहिजे, पण तळहात ओला व्हायला नको. गोळा फुटला तर पाणी शिंपडा, हाताला चिखल लागला तर एक दिवस वाळू द्या.

मुरुमाच्या वर ४० मिलिमीटरची खडी सहा इंच, त्यावर २० मिलिमीटरची चार इंच, आणि सगळ्यात वर चुरी दोन इंच. आमच्याकडे खडीला गिट्टी म्हणतात. तुमच्या गावचं नाव वेगळं असेल, माप तेच सांगा. हे सगळे थर मिळून दोन फूट होतात. प्रत्येक थराला खालच्यासारखाच ढाळ. उताराच्या बाजूला, खडीच्या तळाशी, भोकं असलेला पाइप कापडात गुंडाळून टाकला आणि तो पुढे साध्या पाइपने कोर्टापासून लांब असलेल्या शोषखड्ड्यात सोडला. शोषखड्डा काळ्या मातीत थांबवू नका, खालचा मुरूम लागेपर्यंत न्या, नाहीतर तोही हौदच.

कडेने काँक्रीटची पट्टी घातली. तिच्याबाहेर तीन फूट फरसबंदी, बाहेरच्या बाजूला ढाळ देऊन, म्हणजे कडेची माती सारखी भिजणार-सुकणार नाही. बायकोचे गुलाब तिथून हलवावे लागले. त्यावर घरात जी चर्चा झाली ती या भाषणात घेत नाही.

जाळीचे खांबही याच वेळी, खोल काँक्रीटमध्ये. जाळी हलकी दिसते, पण वादळात ती शिडासारखी ओढते. टर्फ घातल्यावर खांबासाठी खड्डे खणणं म्हणजे नवा शर्ट घालून भिंत रंगवणं.

एप्रिलमध्ये पाया तयार झाला. आणि मग मी थांबलो.

सगळ्यात अवघड काम हेच होतं, आणि सगळ्यात स्वस्तही. मी एक पूर्ण पावसाळा तो पाया उघडा ठेवला. जिथे बसायचं तिथे बसू दे, जे फुगायचं ते फुगू दे. शेजारची ती मुलगी, हात बरा झालेली, सायकल घेऊन फाटकाशी यायची आणि विचारायची, "अंकल, कब होगा?" मी म्हणायचो, "पाऊस संपू दे, बेटा."

दर मोठ्या पावसानंतर मी छत्री घेऊन बाहेर जायचो. पाणी थांबलंय का, किती वेळ थांबलंय, वहीत लिहायचो. दहा फुटी सरळ ॲल्युमिनियमची पट्टी जमिनीवर टेकवून खालची फट पाहायची. पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तिथे खडूने खूण. दोन ठिकाणी पाया थोडा बसला. ऑक्टोबरमध्ये तिथे चुरी भरून पुन्हा दाबलं. टर्फ घातलेलं असतं तर ते मला दिसलंच नसतं, एखाद्या मुलाच्या पायाला कळलं असतं.

दिवाळीच्या आधी टर्फ अंथरलं. आता त्याबद्दल.

बहुउपयोगी कोर्टासाठी १५ मिलिमीटरच्या आसपासचं, दाट आणि वाळू भरायचं टर्फ मी घेतलं. फुटबॉलच्या मोठ्या मैदानांचं ४० ते ६० मिलिमीटर असतं. उंच गवत मऊ दिसतं म्हणून घेऊ नका, त्यात बॅडमिंटनला पाय अडकतो. नमुना हातात घेऊन उलटा करा. पाठीला निचऱ्याची भोकं आहेत का पाहा, तंतू चिमटीत धरून ओढा. उन्हाने खराब होण्याविरुद्ध हमी किती वर्षांची आणि ती लेखी आहे का, हे विचारा. आपल्या उन्हात आठ ते दहा वर्षं टिकलं तर पैसे वसूल झाले समजायचं.

गुंडाळ्या उलगडून काही तास उन्हात पडू द्या, म्हणजे वळ्या जातात. सगळ्या पट्ट्यांची लव एकाच दिशेला हवी, नाहीतर दोन रंगांचं कापड जोडल्यासारखं दिसतं आणि चेंडूही वेगळा पळतो. सांध्याखाली रुंद पट्टी आणि पॉलियुरेथेनचा गोंद, कोरड्या हवेतच. सांधा जोडताना मी गुडघे टेकून प्रत्येक फुटावर बोट फिरवलं. ठेकेदाराची माणसं एकमेकांकडे बघत होती. बघू देत. आता दर रविवारी सकाळी तेच करतो, आणि सांधा थोडा जरी सुटलेला दिसला तरी दुरुस्त होईपर्यंत खेळ बंद.

मग भराव. गोल कणांची, धुतलेली, वाळवलेली सिलिका वाळू. मला अडीच-तीन टन लागली. थोडी थोडी पसरायची आणि ब्रशने आत उतरवायची. टर्फ त्या वजनाने जागेवर बसतं आणि गवत उभं राहतं. हे काम करताना तोंडाला चांगला मास्क हवा, कामगारांच्यासुद्धा. सिलिकाची धूळ फुप्फुसाला वाईट.

टायरचे काळे रबरी दाणे मी घेतले नाहीत. लहान टर्फला त्यांची गरज नसते, उन्हात ते फार तापतात, आणि बुटांबरोबर, पावसाबरोबर घरभर आणि नाल्यात जातात. युरोपियन युनियनने २०२३ साली सूक्ष्म प्लास्टिकवर जे निर्बंध आणले, त्यांत मैदानांत भरायचे असे दाणेही आहेत. त्यांना आठ वर्षांची मुदत दिलीय. तिकडे जे बंद होऊ घातलंय, ते आपण नव्याने आपल्या परसात कशाला आणायचं?

उष्णतेबद्दल स्पष्ट सांगतो, कारण विकणारा सांगणार नाही. कृत्रिम गवत उन्हात हवेपेक्षा खूप जास्त तापतं. भर दुपारी त्याचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकतो. खऱ्या गवतातून पाणी वाफ होऊन जातं म्हणून ते थंड राहतं, याला ती सोय नाही. पाणी मारलं तर थंड होतं, पण थोडाच वेळ. आमचा नियम : एप्रिल ते जून, सकाळी आठनंतर आणि संध्याकाळी सहाच्या आधी कोर्ट बंद. अनवाणी कोणी जायचं नाही. लहान मूल असेल तर मोठ्याने आधी तळहात टेकवून दहापर्यंत मोजायचं. हात उचलावा लागला, तर खेळ नाही.

शेजाऱ्यांचाही विचार पायाइतकाच आधी करा. दिवे लावताना प्रकाश खाली पडेल असे झाकण असलेले घ्या आणि लावल्यावर शेजाऱ्याच्या बेडरूमच्या खिडकीत स्वतः उभं राहून पाहा. रात्री १० ते सकाळी ६ ही ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत रात्र धरलेली आहे. आमचे दिवे साडेआठला बंद होतात, आणि ते बंद करायची बटणं शेजारच्या आजोबांनी सांगितली तर मी त्याआधीही दाबतो. सरकारी बंगला असेल, भाड्याचं घर असेल, सोसायटी असेल, तर खणण्याआधी लेखी परवानगी.

देखभाल थोडीच, पण नियमित. आठवड्याला पाला काढायचा. कुजू दिला की त्यात माती होते आणि टर्फमध्ये खरं गवत उगवतं! महिन्याला लव उभी राहील असा ब्रश. पावसाळ्यात सावलीच्या कोपऱ्यात शेवाळ धरतं, ते लगेच घासायचं.

खर्चाचं विचाराल. भाव गावागणिक आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून प्रमाण सांगतो. पहिल्या वेळी दहा रुपयांतले सात मी वरच्या गवतावर घातले, तीन खाली. दुसऱ्या वेळी बरोबर उलटं झालं. कोटेशन हातात आलं की टर्फचा भाव शेवटी पाहा. पाया किती खोल, किती थरांत, निचरा कुठे, या तीन ओळी आधी शोधा. त्या नसतील तर कागद परत करा.

शेवटी एक गोष्ट, जी माझ्या फायद्याची नाही, पण खरी आहे. त्या पावसाळ्यानंतर, टर्फ यायच्या आधी, मुलं त्या उघड्या पायावर खेळायला लागली होती. जाळी होती, जमीन सपाट होती, पाणी साचत नव्हतं. छान खेळत होती. बायको म्हणाली, "अहो, हे असंच राहू द्या की." मी आठवडाभर विचार केला. टर्फ म्हणजे शेवटी प्लास्टिक. आठ-दहा वर्षांनी ते काढायचं तेव्हा कुठे टाकणार, याचं सोपं उत्तर आजही नाही, कारण त्यात वेगवेगळी प्लास्टिकं एकमेकांना चिकटवलेली असतात. मग मी मुलांचे गुडघे पाहिले. चुरीवर पडलं की सालपटं निघत होती, आणि धूळ घराघरांत जात होती. म्हणून टर्फ घातलं. पण तुमच्याकडे जागा मोठी असेल, पाणी असेल, खेळणारी मुलं मोजकी असतील, तर खरी हरळी लावा किंवा चांगल्या मुरुमाचं अंगण करा. त्यात काही कमीपणा नाही. आणि खेळणारं कोणीच नसेल, नुसतं फोटोसाठी हिरवं हवं असेल, तर माती झाकू नका.

या टर्फवरून आता एक पूर्ण पावसाळा गेलाय. कोर्ट जागेवर आहे. शेजारची मुलगी बारावं सरून तेराव्या वर्षात गेलीय आणि रोज येते. पहिल्या दिवशी ती आली तेव्हा आत शिरण्याआधी खाली बसली आणि ज्या जागी पूर्वी सांधा उकलला होता, साधारण त्या जागी हात फिरवून पाहिला. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "अंकल, ठीक है." माझ्या नोकरीत बऱ्याच वरिष्ठांनी माझी कामं तपासली. इतकं कठोर निरीक्षण कुणी केलं नव्हतं.

तुम्ही कोर्ट बांधाल तेव्हा ज्यांची मुलं तिथे धावणार आहेत त्यांची आठवण ठेवा, आणि टर्फच्या दुकानात जायच्या आधी घरी दोन नळ्या, थोडी माती आणि थोडं रॉकेल घेऊन बसा.

जय हिंद.